केलचं कुलूप

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दोन नंबरचा पंप बसला. ग्लेनिस पास्को तेव्हा पंपहाउसच्या पायरीवर, भिंतीच्या सावलीत, मांडीवर कोरी वही घेऊन बसली होती. उद्या अकरा वाजता चॅपलमध्ये, गावच्या छोट्या चर्चमध्ये, उभं राहून केल्व्हिन ट्रेवार्थाबद्दल, केलबद्दल, चार शब्द बोलायचे होते. ज्याच्या हाताखाली ती काम शिकली आणि पुढे एकोणीस वर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावून राबली, त्याच्याबद्दल तिला चार शब्द सुचत नव्हते. सुचत होते ते सगळे वर्तमानपत्रातले. कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ. असले शब्द कुणाच्याही शवपेटीवर ठेवता येतात.

आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, मग जळका वास आला, आणि मग सगळं गप्प झालं.

"बॉस!" नेलो ओरडला. "मोटर गेली. खलास!"

नेलो कुफोने इलेक्ट्रिशियन होता. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, तोंडाचा फाटका पण हाताचा पक्का. त्याने मोटरीचं झाकण काढून आत बॅटरी मारली आणि शीळ घातली. ग्लेनिसने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. आत सगळी काळी राख होती.

"काही करता येईल?"

"येईल की. पेटी करून उद्या केलच्या शेजारी पुरता येईल." मग आपणच काय बोललो ते ध्यानात येऊन त्याने जीभ चावली. "माफ कर. सवय."

नवी मोटर ॲडलेडहून आत्ता निघाली तरी उद्या दुपारशिवाय पोचणार नव्हती. टेकडीवरच्या टाकीत एकतीस टक्के पाणी उरलं होतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, उत्तरेचा भाजका वारा, आणि सगळ्या जिल्ह्यात विस्तव पेटवायला बंदी. आगीचे बंब त्याच टाकीवर भरत. गावात सगळ्यात उंचावर काय, तर बारा खाटांचं हॉस्पिटल. नेलोने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हिशेब मांडला आणि तो तिच्यापुढे धरला.

"तीन वाजेपर्यंत. मग हॉस्पिटलचे नळ फुसफुसायला लागतील. आणि कुठे ठिणगी पडली तर तीनसुद्धा वाजायचे नाहीत."

एक नंबरचा पंप शेजारीच उभा होता. गेला आठवडाभर केल तोच उघडून बसला होता. नवी बेअरिंग, नवं ग्रीस, वरून निळ्या रंगाचा ताजा हात. बटण दाबायचा अवकाश. पण त्याच्या स्विचच्या दांड्याला केलचं लाल कुलूप होतं.

या धंद्यात त्या लाल कुलपाइतकं पवित्र काही नाही, देवळातलंही नाही. जो माणूस यंत्रात हात घालतो, तो स्विच बंद करून आपलं कुलूप लावतो. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात. कुलूप आहे तोवर ते यंत्र चालू करायचं नाही, मग साहेब सांगो नाहीतर मंत्री. कुलपाला नावाची पट्टी असते आणि पट्टीवर आपल्या माणसांचा फोटो लावायची इकडे रीत आहे. कापायला कुणाचा हात पुढे आलाच, तर त्याला दिसावं की आत कुणाचा नवरा आहे, कुणाचा बाप आहे. कुलूप काढायचं विसरून घरी गेलेला माणूस कुठूनही परत येतो. नेलो एकदा भाचीच्या लग्नातून, केक कापायच्या आधी, दोनशे किलोमीटर गाडी मारून आला होता आणि वर्षभर सगळ्यांचे टोमणे खात होता. केलवर ती पाळी एकतीस वर्षांत आली नव्हती.

केलच्या पट्टीवरचा फोटो वीस वर्षं जुना होता. धक्क्यावर उभी असलेली त्याची बायको मर्ल, शेजारी दात पडलेली मुलगी तॅमसिन, दोघींच्या हातात एकच मासा. तॅमसिनला आता स्वतःच्या दोन मुली होत्या. रविवारी सकाळी केल त्याच नातींसाठी अंडी तळत होता. जरा बसतो म्हणून खुर्चीत बसला तो उठलाच नाही.

ग्लेनिसने नोंदवही उघडली. गुरुवारच्या पानावर केलचं सुबक अक्षर होतं: बेअरिंग बसवली, पंप आणि मोटर एका रेषेत आणली. शुक्रवारचं पान कोरं होतं. केल साधा दिवा बदलला तरी लिहायचा.

तिने ॲडलेडच्या ऑफिसात ब्रेंटला फोन लावला. ब्रेंट जिल्ह्याचा साहेब, वयाने तिच्याहून लहान, आणि उन्हाळ्यातही कोट घालणारा.

"ग्लेनिस, मलाही वाईट वाटतंय गं," ब्रेंट म्हणाला. "पण कटर घे आणि कुलूप काप. फॉर्म पाठवलाय तुला."

"फॉर्म बघितला. पहिलाच प्रश्न आहे, कामगाराशी संपर्क साधला का?"

"तिथे 'लागू नाही' लिही."

"कुलूप आहे म्हणजे काम बाकी आहे, ब्रेंट."

"नाहीतर तो विसरला. अगं, दोन दिवसांत गेला ना तो? शुक्रवारी काय ठणठणीत असेल? हे बघ, हॉस्पिटलचं पाणी तुटलं तर मला टीव्हीवर उत्तर द्यावं लागेल."

"आणि पंप फुटला तर मला उत्तर द्यायला तोंडच राहायचं नाही," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

नेलो कपाळ पुसत उभा होता. "सगळा उघडून तपासू."

"सगळा म्हणजे किती? बेअरिंग, पाती, झडपा, जोडणी, तुझ्या तारा. दीड दिवसाचं काम. कुठे बघायचं तेवढं जरी कळलं..."

"ते एकालाच माहीत होतं."

ग्लेनिसने गाडीची किल्ली उचलली. घरात सुतक असलेल्या बाईकडे पंपाची चौकशी करायला जायचं म्हणजे निर्लज्जपणाच होता. पण केलची किल्ली त्याच्या घरीच, मर्लकडे होती आणि वेळ जात होता.

मर्लच्या स्वयंपाकघरात टेबलावर तिळभर जागा नव्हती. शेजारणींनी आणलेली झाकलेली भांडी, भांड्यांच्या बुडाला चिकटवलेली नावं, दोन ताटं भरून पास्टी, म्हणजे मांस-भाजी भरलेल्या मोठाल्या करंज्या, कुणाचा तरी कडेला करपलेला केक. मर्ल खुर्चीवर बसून पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती. गुडघ्यांमुळे तिला फार वेळ उभं राहवत नसे. तॅमसिन मुलींना घेऊन फुलांचं बघायला गेली होती.

"बस," मर्ल म्हणाली. "पास्टी घे. घे गं, मला कंटाळा आलाय बघून बघून. केलसारखी कुणालाच जमत नाही. सगळ्यांचा सलगम कच्चा."

"मर्ल, मला घाई आहे. शुक्रवारी केल कामाबद्दल काही बोलला होता? एक नंबरच्या पंपाबद्दल?"

इस्त्री थांबली. अगदी क्षणभर. "कामाचं घरी काही आणायचा नाही तो. तुला ठाऊक आहे."

"त्याचं कुलूप आहे पंपावर. दुसरा पंप सकाळी जळला. तीन वाजता टाकी संपते."

"मग काढा कुलूप. किल्ली त्या वाटीत आहे."

वाटीत किल्ल्यांचा जुडगा होता, सुटी नाणी होती, पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. ग्लेनिसने जुडगा उचलला. मर्ल तिच्याकडे बघत नव्हती. कॉलरवरून पुन्हापुन्हा इस्त्री फिरवत होती, इतकी की कापड चकाकायला लागलं.

"मग ब्रेंट म्हणतो तेच खरं धरते," ग्लेनिस म्हणाली. तिला थकवा आला होता आणि थोडा रागही. "काम झालं होतं आणि कुलूप काढायचं तो विसरला. जाऊन चालू करते."

ती दारापर्यंत पोचली तेव्हा मर्लने विचारलं, "चालू करताना जवळ कोण असतं?"

"मी. नव्या बेअरिंगला पहिल्यांदा कान लावून ऐकावं लागतं."

"आणि काम अर्धं असलं तर?"

"काय अर्धं आहे त्यावर आहे. जोडणी सुटली तर तिचे तुकडे भिंतीतून पार जातील."

मर्लने इस्त्री उभी करून ठेवली.

"दार लाव," ती म्हणाली. "आणि बस म्हटलं ना तुला, बस."

ग्लेनिस बसली.

"त्याने मला शपथ घातली होती. तॅमसिनलासुद्धा माहीत नाही. गेलं वर्षभर तो विसरत होता, ग्लेन. आधी नावं. मग घरी यायचा रस्ता, एकदाच, पण विसरला. ऑक्टोबरमध्ये आम्ही ॲडलेडला गेलो ना, लग्नाचा वाढदिवस म्हणून सांगितलं सगळ्यांना? डॉक्टरकडे गेलो होतो. नाव सांगितलं डॉक्टरने त्या रोगाचं. वाढतच जातो म्हणाला. मी म्हटलं, सोड आता काम. तर मला म्हणतो कसा, मर्ल, हातांना अजून सगळं आठवतंय. हातांना विसरू दे, मग सोडतो."

ग्लेनिसला आठवलं. गेलं वर्षभर केल तिला सारखा हाक मारायचा. 'ग्लेन, ये गं जरा, मोज माझ्याबरोबर.' ती चिडायची. एकदा तर म्हणाली होती, मी काय अजून शिकाऊ आहे का? तो हसला होता आणि म्हणाला होता, म्हाताऱ्याचं मन राख. तिला आत्ता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आणि त्याच्याही. एकोणीस वर्षं बरोबर होते, आणि एका शब्दाने सांगता येऊ नये?

"शुक्रवारी काय झालं?"

"तू ट्रेनिंगला गेली होतीस. लवकर आला घरी. अर्धा तास गाडीतच बसून राहिला. मी काठी घेऊन बाहेर गेले तर रडत होता. म्हणाला, जोडणीचे बोल्ट आवळत होतो, मोजणी चुकली. तीनदा पहिल्यापासून फिरलो. कुठला आवळला, कुठला नाही, सांगताच येत नाही. म्हणून कुलूप लावून आलो. सोमवारी ग्लेनला सगळं सांगतो, माझं मीच सांगतो, तू मधे पडू नकोस." मर्लने शर्टाची बाही सरळ केली. "सोमवार आलाच नाही."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"चल माझ्याबरोबर," ग्लेनिस म्हणाली.

"मी? मी काय करू तिथे?"

"कुलूप ज्याचं, त्यानेच काढायचं असतं. तो नाही तर तू काढ. ब्रेंट बोंबलला तर बोंबलू दे."

पंपहाउसच्या दारात खुर्ची टाकून त्यांनी मर्लला बसवलं. नेलोने तिच्या डोक्यावर सुरक्षेची टोपी चढवली. "शोभतेस," तो म्हणाला. "केल भाग्यवान होता." मर्ल हसली नाही, पण टोपी तिने नीट केली. टाकी अठरा टक्क्यांवर आली होती. पूर्वेकडच्या डोंगरापाशी धुराची बारीक रेघ दिसत होती आणि बंबांचा भोंगा एकदा वाजून गेला होता.

केलच्या कुलपाशेजारी ग्लेनिसने आपलं कुलूप अडकवलं, नेलोने आपलं. मग दोघांनी जोडणीवरची जाळी उतरवली. मोटर आणि पंप यांना बांधणारी ती पोलादी चकती, तिच्यावर गोल फिरून आठ बोल्ट. केल प्रत्येक बोल्ट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा. त्याने तीच शिस्त सगळ्यांना लावली होती.

आठही बोल्टांवर पिवळ्या रेघा होत्या.

नेलोने सुटकेचा श्वास सोडला. "झालंय की काम! उगाच घाबरला बिचारा. चल, जाळी लाव. सोळा टक्के राहिलेत."

"पाना दे."

"बॉस, रेघ आहे. केलची रेघ. आपण कधी तपासलीय का ती?"

"पाना दे म्हणते ना!"

हा पाना ठरलेल्या जोराला पोचला की कट्‌ आवाज करतो. बोल्ट आधीच आवळलेला असेल तर तो लगेच वाजतो. पहिल्याला वाजला. दुसऱ्याला वाजला. तिसरा, चौथा, पाचवा. नेलोचा पाय सारखा हलत होता. सहाव्यावर तिने जोर लावला आणि बोल्ट फिरला. लोण्यात सुरी फिरावी तसा, पाऊण फेरा. वरची पिवळी रेघ बोल्टाबरोबर फिरून वाकडी झाली.

सातवा तसाच. आठवा हाताने सुटला असता.

नेलोने छातीवर क्रूस काढला. तो कॅथलिक; प्रॉटेस्टंट चॅपलवाल्यांसमोर एरवी तसं करत नसे.

"किती?" दारातून मर्लने विचारलं. तिला दिसत नव्हतं, पण त्यांच्या थांबलेल्या पाठी दिसत होत्या.

"तीन," ग्लेनिस म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं होतं. पण जमलं नाही.

मर्लने मान खाली घातली.

तिन्ही बोल्ट आवळून झाले. मग ग्लेनिसने पुन्हा पहिल्यापासून आठही फिरून पाहिले आणि या खेपेला मोठ्याने मोजले. नेलोही तिच्याबरोबर मोजत होता. जाळी लागली. दोघांनी आपापली कुलपं काढली. मर्ल नेलोचा हात धरून स्विचपाशी आली. पट्टीवरच्या फोटोवर तिने बोट ठेवलं.

"मासा तॅमसिनने पकडला होता," ती म्हणाली. "आता काम पुरं झालंय ना, ग्लेन? नक्की?"

"नक्की."

मर्लने किल्ली फिरवली, कुलूप काढलं आणि पट्टीसकट मुठीत धरलं. नेलोने तिला बाहेर, भिंतीमागे नेलं. ग्लेनिस पंपाजवळ गुडघ्यावर बसली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावलं आणि मूठ कानाशी धरली. जोडणी तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होती. बोल्ट तिने स्वतः तपासले होते, तरी मान आखडली होती. तिने डावा हात वर केला. नेलोने दांडा ओढला.

पंप गुरगुरला, वेग धरला, आणि मग एकसारखा घुमायला लागला. कानात कुठेही खरखर नव्हती. बेअरिंग केलने अशी बसवली होती की जन्मभर शोधून खोट काढता आली नसती. ग्लेनिस पूर्ण दहा मिनिटं तशीच बसून राहिली. टाकीचा काटा चौदावर थांबला, मग पंधरा झाला. डोंगराकडून बंब भरायला परत आले तेव्हा त्यांना पाणी मिळालं.

मर्लला घरी सोडायला निघणार तोच ब्रेंटचा फोन आला. गाडीत फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मर्लनेही सगळं ऐकलं.

"शाब्बास!" तो म्हणाला. "आता फॉर्ममध्ये कुलूप राहण्याचं कारण 'नजरचूक' असं टाक. म्हणजे पुढे कुणी विचारणार नाही. केलच्या नावालाही बरं."

ग्लेनिसने मर्लकडे पाहिलं. मर्ल खिडकीबाहेर बघत होती.

"टाकते," ग्लेनिस म्हणाली. शपथ राखायची तर यापेक्षा सोयीचा शब्द नव्हता. संध्याकाळी तिने तो लिहिला आणि फॉर्म पाठवून दिला. रात्री तिला झोप लागली नाही.

गुरुवारी चॅपल गच्च भरलं होतं. बंबवाले धुरकट कपड्यांनिशी मागे उभे होते, हॉस्पिटलच्या दोन नर्स होत्या, कोट घातलेला ब्रेंट होता. ग्लेनिसने अखेर पानभर मजकूर लिहून आणला होता. केल रोज साडेबाराला मर्लला फोन करून 'जेवलीस का' विचारायचा, नातींच्या पोहण्याच्या स्पर्धेला दर पंधरवड्याला तीनशे किलोमीटर जायचा, सगळं होतं त्यात. पायऱ्यांवरच मर्लने तिचं मनगट धरलं. शेजारी तॅमसिन उभी होती, रडून डोळे सुजलेले.

"हिला रात्री सांगितलं मी सगळं," मर्ल म्हणाली. "आता तू ऐक. काल तू कागदावर काय लिहिलंस?"

"नजरचूक. मर्ल, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काही लिहू नकोस. त्याला स्वतःच्या घराचा रस्ता आठवत नव्हता, पण कुलूप लावायचं त्याला आठवलं. तेवढं एकच त्याने बरोबर केलं त्या दिवशी, आणि तुम्ही त्यालाच चूक म्हणता?" तिचा आवाज चढला, आत जाणारे लोक वळून बघायला लागले. "वर्षभर तो माणूस घाबरत घाबरत कामावर गेला. माझ्यासमोर त्याला देव करू नकोस. मला तो माझाच हवाय."

"आणि शपथ?"

"ती मी मोडली. माझं मी बघून घेईन त्याच्याशी."

ग्लेनिस पुढे जाऊन उभी राहिली. पेटीवर मर्लच्या अंगणातली जिरॅनियमची फुलं होती. तिने पानाची घडी उघडली, पाहिली आणि पुन्हा घातली. ब्रेंट तिसऱ्या बाकावर होता. नेलो डोळे मिटून बसला होता.

"केलने शुक्रवारी आठपैकी तीन बोल्ट ढिले सोडले," ती म्हणाली. चॅपलमध्ये चुळबुळ झाली. ती थांबली नाही. "त्याला विसरण्याचा आजार होता. आपण ते आवळले की नाही हे आपल्याला सांगता येत नाही, हे त्याला कळलं. लाज वाटली, रडू आलं, तरी त्याने पंपाला आपलं कुलूप घातलं आणि मगच घरी गेला. मी ते नजरचूक म्हणून लिहिलंय. ते खोटं आहे, ब्रेंट, आज मी ते बदलणार आहे. काल त्या पंपाला मी कान लावून बसले होते. केलने स्वतःवर विश्वास ठेवला असता, तर आज इथे दोन पेट्या असत्या."

पहिल्या बाकावर तॅमसिनने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मर्ल ताठ बसून ऐकत होती.